ड्रोन वीस मिनिटे उडतो, काम तीन दिवसांचे असते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की ‘पुढे काय?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून वर्तमानपत्रांतून ड्रोन पायलटच्या व्यवसायाची माहिती हमखास येते. आठवडाभराचे प्रशिक्षण, हातात प्रमाणपत्र आणि मग घरबसल्या कामांची रांग, असे चित्र त्यात असते. मी २०२२ साली रीतसर प्रशिक्षण घेतले आणि तेव्हापासून सातारा, सांगली व कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत स्वतंत्रपणे ड्रोन चालवून पोट भरतो आहे. या चित्रात कुठेच न दिसणाऱ्या एका गोष्टीविषयी, म्हणजे या कामाच्या मोबदल्याविषयी, सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

नियमांचे आधी थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने नवे ड्रोन नियम लागू केले आणि त्याआधीची किचकट परवाना पद्धत बरीच सोपी केली. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण एवढ्या अटींवर १० वर्षे मुदतीचे प्रमाणपत्र मिळते. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर हे प्रमाणपत्र लागते, ड्रोनची नोंदणी करून त्याचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो, तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा काढावा लागतो आणि प्रत्येक वेळी नकाशावर हिरवा, पिवळा की लाल पट्टा हे पाहूनच उड्डाण करावे लागते. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायचे असेल तर परवानगी काढावी लागते. नियम मोडल्यास दंड १ लाख रुपयांपर्यंत होऊ शकतो. हे सारे नियम योग्यच आहेत, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. मात्र या सगळ्याचा खर्च आणि जबाबदारी पायलटच्या डोक्यावर असते आणि दर ठरवताना ती कोणीही हिशेबात धरत नाही.

एका हिवाळ्यातील एक दिवस सांगतो. दुष्काळी पट्ट्यातील एका कालव्याच्या कामासाठी सुमारे चार किलोमीटर लांबीचा पट्टा मोजून द्यायचा होता. पहाटे साडेचारला घर सोडले, कारण त्या माळावर दुपारी बारानंतर वारा असा सुटतो की ड्रोन जागेवर ठरत नाही. उजाडल्यावर मदतनीसाला घेऊन कालव्याच्या दोन्ही अंगांनी चालत चुन्याच्या फुल्या मारल्या आणि प्रत्येक फुलीवर यंत्र उभे करून तिचे अचूक स्थान नोंदवले. हवेतून काढलेली छायाचित्रे जमिनीशी जुळवायची तर या फुल्यांशिवाय गत्यंतर नाही. त्यात दोन तास गेले. मग सहा उड्डाणे झाली. एका बॅटरीवर वीस-पंचवीस मिनिटे मिळतात, पण परतीसाठी आणि वाऱ्यासाठी शिल्लक ठेवून आम्ही ती वीस मिनिटांतच खाली घेतो. चौथ्या उड्डाणात एक घार ड्रोनवर झेपावली. घारीने झेप घेतली की ड्रोन झपकन वर न्यायचा असतो, कारण तिला सरळ वर चढता येत नाही. हे कोणत्याही वर्गात शिकवलेले नव्हते, एक पाते गमावून मी ते शिकलो होतो. या वेळी ड्रोन वाचला, पण तो पट्टा पुन्हा उडवावा लागला.

अकराच्या सुमारास ठेकेदाराचा माणूस मोटारसायकलवरून आला, त्याने शेवटचे उड्डाण पाहिले आणि पैशांचा विषय निघताच म्हणाला, “उडलं किती वेळ? वीस मिनिटं. त्याचे साडेसहा हजार?”

हा प्रश्न त्या एका माणसाचा नाही. लग्नाच्या मांडवात, बांधकामाच्या साइटवर, साखर कारखान्याच्या आवारात, सगळीकडे तो जसाच्या तसा ऐकायला मिळतो. ड्रोन आकाशात असतो तेवढेच काम दिसते. त्या दिवशीची नऊशेहून अधिक छायाचित्रे घरी संगणकावर चढवून रात्रभर चालवावी लागली, सकाळी पाहिले तर दोन फुल्यांचा मेळ बसत नव्हता म्हणून ते पुन्हा करावे लागले, त्यानंतर नकाशा तयार करून, उंचीच्या रेषा काढून तो ठेकेदाराच्या अभियंत्याला हवा त्या स्वरूपात द्यावा लागला. त्याआधी अर्धा दिवस जागा पाहण्यात आणि पोलीस ठाण्यात माहितीचा अर्ज देण्यात गेला होता. वीस मिनिटांची सहा उड्डाणे असलेले हे काम प्रत्यक्षात तीन दिवसांचे होते.

त्या साडेसहा हजारांचा हिशेब मी वहीत मांडून ठेवला आहे, तो वाचकांसमोर ठेवतो. मोजणीसाठी लागणारा माझा ड्रोन, त्याचे जमिनीवरचे यंत्र आणि बॅटऱ्या धरून साडेसहा लाख रुपये लागले. तो तीन वर्षे चालेल असे धरले आणि पावसाळा, जोराचा वारा, परवानग्यांची वाट पाहणे हे वजा जाता वर्षाला उड्डाणाचे शंभर दिवस मिळतात असे धरले, तर यंत्राची झीज दिवसाला सुमारे २,१५० रुपये होते. विम्याचे २०० रुपये. वीस हजारांची एक बॅटरी दोनशे वेळा वापरल्यावर फुगते आणि टाकून द्यावी लागते, म्हणजे सहा उड्डाणांचे ६०० रुपये. डिझेल १,५०० आणि मदतनीस ७००. नकाशे तयार करण्याच्या सॉफ्टवेअरची वर्गणी आणि संगणक यांचे ६५०. ही बेरीज ५,८०० रुपये होते. साडेसहा हजारांतून ती वजा केल्यावर माझ्या पदरात ७०० रुपये पडतात आणि ते तीन दिवसांच्या कामाचे असतात. दिवसाला २३३ रुपये झाले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील मजुरीचा दर ३१२ रुपये होता. त्या कामाला मी मुळीच कमी लेखत नाही. कर्ज काढून साडेसहा लाखांचे यंत्र घेतलेल्या आणि दंडाची टांगती तलवार डोक्यावर घेऊन काम करणाऱ्या माणसाला त्याहूनही कमी मिळावे, एवढेच मला खटकते.

मग ही कामे आम्ही घेतो तरी का, असे कोणी विचारील. त्याचे खरे उत्तर हे की बहुतेक जण हिशेबच करत नाहीत. सुरुवातीची दोन वर्षे मीही केला नव्हता. बँकेच्या हप्त्याची तारीख जवळ आली की साडेसहा हजार रोख दिसतात, झीज दिसत नाही. ती दिसते तिसऱ्या वर्षी, जेव्हा ड्रोनची मोटर जाते, बॅटऱ्या एकापाठोपाठ एक फुगतात आणि नव्यासाठी गाठीला पैसा नसतो. माझ्यासोबत प्रशिक्षण घेतलेल्या तुकडीतील कित्येकांनी याच टप्प्यावर ड्रोन विकून टाकला.

दर पाडण्याचे दुसरे कारण आमच्याच व्यवसायात आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मोजके अपवाद वगळता परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. तरीही आडमार्गाने आलेले, नोंदणी नसलेले ड्रोन बाजारात सर्रास उडतात. ते उडवणाऱ्याला प्रशिक्षणाचे शुल्क, ओळख क्रमांक, विमा यांपैकी कशाचाच खर्च नसतो. साहजिकच तो अडीच-तीन हजारांत काम अंगावर घेतो. काम देणारा त्याच्याकडे प्रमाणपत्र मागत नाही आणि माझ्याशी घासाघीस करताना मात्र त्याचा दर पुढे करतो. उद्या तो ड्रोन वरातीत कोणाच्या डोक्यावर पडला तर भरपाई कोण देणार, हा विचार त्या घडीला कोणाच्याही मनात येत नाही. कायदा पाळणे हाच ज्याचा तोटा ठरतो त्या माणसाने किती दिवस कायदा पाळावा, हे मला प्रशासनाला मनापासून विचारावेसे वाटते.

याहून मोठे दुखणे आहे ते पोटठेक्यांचे. वर सांगितलेल्या कालव्याचे मोजणीचे काम मूळ ठेकेदाराने एका सल्लागार कंपनीला दिले, तिने ते दुसऱ्या शहरातील एका ड्रोन कंपनीला दिले, त्या कंपनीकडे आमच्या भागात माणूस नव्हता म्हणून तिने एका मध्यस्थाला फोन केला आणि त्या मध्यस्थाने मला. प्रत्येक पायरीवर काही ना काही कापले गेले. कापू नये असे मी म्हणत नाही, कामे आणण्यालाही कष्ट असतात. पण वरून खाली येताना फक्त पैसे झिरपतात. जबाबदारी मात्र पुरी खाली येते. नोंदणी माझ्या नावाची, प्रमाणपत्र माझे, चूक झाली तर दंडही मलाच. त्या कामाचे पैसे मिळायला सात महिने लागले. दर पंधरा दिवसांनी फोन केला की एकच उत्तर येई, “वरून आले नाहीत.” हाती पडले तेव्हा त्यातून कराच्या नावाखाली रक्कम कापलेली होती आणि ती माझ्या नावावर भरल्याची नोंद आयकर खात्याच्या २६ एएस या करकपातीच्या विवरणात आजतागायत नाही. त्या मध्यस्थाशी माझा लेखी करार नव्हता. फोनवर बोलणे आणि व्हॉट्सॲपवर ‘ओके’ एवढ्यावरच मी काम घेतले होते. ही चूक माझी होती आणि ती मी मान्य करतो.

लेखी कागद असता तर काय करता आले असते, हे मला त्यानंतर कळले आणि माझ्यासारख्या प्रत्येकाला ते कळावे म्हणून येथे देतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांविषयीच्या २००६ च्या कायद्याचे संरक्षण केवळ कारखान्यांना नाही, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही आहे. त्यासाठीची सरकारची ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य होते, आधार आणि पॅन पुरतात. मात्र काम घेण्यापूर्वी ती झालेली असावी. नोंदणी असलेल्याचे पैसे करारात ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही; करारच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. तक्रार करायची तर राज्य सरकारने नेमलेल्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. आयकर कायद्यातही २०२४ पासून अशी तरतूद झाली की सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. ही शेवटची तरतूद व्याजापेक्षा परिणामकारक आहे, कारण ती थेट सनदी लेखापालाच्या टेबलावर पोहोचते. पुढच्या एका कामात मी बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापला, पन्नासाव्या दिवशी या तरतुदीचा उल्लेख असलेले चार ओळींचे पत्र पाठवले आणि रक्कम तीन आठवड्यांत जमा झाली.

ते पैसे मिळाले, पण त्या कार्यालयातून मला पुन्हा काम आले नाही. हक्क मागितला की पुढचे काम जाते, ही भीती खरी आहे आणि एकट्या पायलटने कायद्याचे पुस्तक दाखवून ती जाणार नाही. म्हणूनच काम मुळात जिथून निघते तिथेच, म्हणजे निविदेत, याची तजवीज व्हायला हवी. ड्रोनच्या कामांचा मोठा ग्राहक आज सरकारच आहे. गावठाणातील घरांची मोजणी करून मिळकत पत्रिका देणारी स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. त्याआधी आपल्याच पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली होती. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०२१ पासून महामार्गांच्या कामाचे दरमहा ड्रोनने चित्रीकरण करणे बंधनकारक केले. धरणे, कालवे, खाणी, महापालिकांची मालमत्ता सर्वेक्षणे, सगळीकडे आता ड्रोन आहे. मी आजवर पाहिलेल्या निविदांमध्ये ड्रोनचा कॅमेरा किती क्षमतेचा हवा, नकाशा किती सेंटिमीटरपर्यंत अचूक हवा हे बारकाईने लिहिलेले असते, पण तो ड्रोन उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र कुणी तपासायचे आणि त्याला पैसे कधी मिळायचे याविषयी एक ओळही नसते.

माझी विनंती फार मोठी नाही. निविदेच्या कामात प्रत्यक्ष उड्डाण करणाऱ्या पायलटचे नाव, त्याचा प्रमाणपत्र क्रमांक आणि ड्रोनचा ओळख क्रमांक अहवालाला जोडणे सक्तीचे करावे. विनानोंदणी ड्रोनचा प्रश्न त्याने सरकारी कामांपुरता तरी निकाली निघेल. पोटठेका एकाहून अधिक पायऱ्या खाली जाऊ देऊ नये. आणि ठेकेदाराचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी पायलटची रक्कम मिळाल्याची सही असलेली पावती घ्यावी. या कशालाही नवा कायदा लागत नाही, जिल्हा पातळीवरील कार्यकारी अभियंता आपल्या निविदेत हे घालू शकतो.

फवारणीच्या कामाचा स्वतंत्र विचार करावा लागेल. आमच्या कृष्णाकाठी ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही, तिथे ड्रोनला तोड नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या योजनेतून महिला बचत गटांना ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत अनुदानावर ड्रोन मिळू लागले, ही चांगली गोष्ट आहे. यामुळे दर पडले अशी ओरड आमच्यातले काही जण करतात, ती मला पटत नाही. एकरी तीनशे-चारशे रुपयांत त्या भगिनींनाही परवडत नाही, कारण एकरभर फवारणी सात-आठ मिनिटांत होत असली तरी आमच्याकडे सलग एकर मिळतो कुठे? वीस गुंठे इथे, पंधरा गुंठे ओढ्यापलीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी गाडी, जनरेटर, पाण्याची टाकी हलवायची. अनुदानातून आलेल्या ड्रोनचीही बॅटरी फुगते आणि तेव्हा दुसरे अनुदान मिळत नाही. त्यांनी आणि आम्ही एकत्र बसून गाडीचा फेरा वेगळा आणि एकराचा दर वेगळा असे ठरवले, तर दोघांचेही भले होईल.

माझ्या व्यवसायबंधूंनाही चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात, कारण सगळा दोष देणाऱ्यांच्या माथी मारून भागणार नाही. आपण ‘एका दिवसाचा दर’ सांगतो तिथेच फसतो. जागा पाहणे, उड्डाण आणि संगणकावरचे काम यांची रक्कम वेगवेगळी लिहून दिली की समोरच्यालाही काम दिसते आणि घासाघीस नेमकी कशावर चालली आहे हे कळते. वारा किंवा पाऊस यांमुळे उड्डाण झाले नाही तरी आपण साइटवर गेलेलो असतो, त्या फेऱ्याचे पैसे आधी ठरवून घ्यावेत. निम्मी रक्कम विसार म्हणून घ्यावी. माझा हल्लीचा क्रम असा की नकाशा तयार झाला की आधी त्यावर ‘नमुना’ असे आडवे छापलेली कमी दर्जाची प्रत पाठवतो आणि मूळ फाईल उरलेली रक्कम जमा झाल्यावर देतो. याचा राग येणारे ग्राहक भेटले, पण त्यांच्याकडून पैसे वेळेवर आले असते असे मला वाटत नाही. आणि आपले प्रमाणपत्र दुसऱ्याला कागदोपत्री वापरायला देऊन हजार-दोन हजार घेण्याची जी पद्धत कुठे कुठे सुरू झाली आहे ती तातडीने थांबवावी. उद्या अपघात झाला तर गुन्हा ज्याचे नाव कागदावर आहे त्याच्यावरच दाखल होईल.

मी स्वतः गेल्या वर्षापासून वर दिलेल्या कामाचे १२,००० रुपये सांगतो. खर्चाचे ५,८००, तीन दिवसांच्या श्रमाचे दिवसाला १,५०० प्रमाणे ४,५०० आणि उरलेले वाया जाणाऱ्या दिवसांसाठी व बुडणाऱ्या पैशांसाठी. पूर्वीच्या निम्मी कामेही राहिली नाहीत. पण जी आहेत त्यांतून बॅटरीसाठी पैसे बाजूला पडतात आणि हप्ता चुकत नाही.

आपल्या वृत्तपत्राकडे मात्र एक मागणे आहे. येत्या निकालांच्या हंगामात या व्यवसायाविषयी माहिती छापताना प्रशिक्षण संस्थांना एवढे जरूर विचारावे की त्यांच्याकडून बाहेर पडलेल्यांपैकी किती जण वर्षानंतर प्रत्यक्ष काम करत आहेत आणि त्यांना दिवसाकाठी काय मिळते. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ मुलाच्या प्रशिक्षणासाठी आणि ड्रोनसाठी अर्धा एकर गहाण ठेवण्याचा विचार करून माझ्याकडे सल्ला विचारायला आले होते. त्यांच्या खिशात एका वर्तमानपत्रातले कात्रण होते. त्यावर मुलगा महिन्याला किती कमावेल हे लिहिलेले होते, बॅटरी किती वेळा वापरता येते हे नव्हते.

आपला,
एक प्रमाणपत्रधारक ड्रोनचालक
कराड, जि. सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.)